पूररेषा नदीला, ओढ्याला काय?

आपत्तीची जोखीम ठरवताना तीन गोष्टी बघतात: संकट कोणतं, त्याच्या वाटेत कोण, आणि सोसायची ऐपत कोणाची किती. पुण्याचा इतिहास पाहिला तर पहिलीवरच सगळा भर दिसतो. तिसरीकडे लक्ष जातं ते बहुधा माणसं गेल्यावर.

खरं तर तिसरी गोष्ट या जिल्ह्याने फार आधी दाखवून दिली होती. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात कर्जाने पिचलेले शेतकरी सावकारांवर तुटून पडले, कर्जखतं जाळली. पुढच्याच वर्षी दुष्काळ सुरू झाला. पाऊस हुकला तेव्हा कुणब्याच्या घरात आधीच काही उरलं नव्हतं. 1897 च्या प्लेगमध्ये गोऱ्या सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्या, माणसं छावण्यांत नेली, तशी लोक आजारी माणूस लपवू लागले. लोकांचा विश्वास उडाला की साथीची जोखीम वाढते, हे तिथे लख्ख दिसलं. त्याच वर्षीचा साथरोग कायदा 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा लागू झाला.

1961 चा पूर मात्र आजही पुणेकरांच्या बोलण्यात येतो. पानशेत धरणाचं काम पुरं झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठवलं. बांध खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. 12 जुलैला सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. शहराला पाणी खडकवासल्याचंच, त्यामुळे पूर ओसरला तरी नळ कोरडे आणि वाड्यांच्या विहिरींवर झुंबड. एका धरणावर शहराचा किती भार आहे, याचा हिशेब त्याआधी कोणी मांडला होता?

किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर राज्याने जिल्हावार आराखडे हाती घेतले, 2005 मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. नदीकाठी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. हे काम मोलाचं आहे, पण अपुरं आहे. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री शहरात घात केला तो आंबिल ओढ्याने. कात्रजकडून येणारा, पेशवाईत प्रवाह वळवलेला, पुढे भिंती आणि वस्त्यांनी आवळलेला हा ओढा. काठावरच्या वस्त्यांना झोपेतच पाण्याने गाठलं. तिथे राहणारी माणसं हौसेने राहत नव्हती, त्यांना परवडणारी जागा तेवढीच होती. माझ्या मते आराखड्यात घराचं भाडं आणि घरापासून रोजंदारीच्या कामाचं अंतर हेही रकाने हवेत.

25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आणि सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्यात गेली. धरणातून किती पाणी सुटतंय हे पाटबंधारे खात्याला माहीत असतं. ते तळमजल्यावरच्या घरात वेळेत पोचायला हवं होतं.