फुप्फुसाची इजा, पेशींचे मरण आणि वय : व्याख्येबाहेर राहिलेले रुग्ण

फुप्फुसाला अचानक होणारी इजा, त्यात मरणाऱ्या पेशी आणि रुग्णाचे वय यांचा एकत्र अभ्यास ही फार तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली गोष्ट आहे. त्याआधी हे तीन विषय तीन वाटांनी चालले होते. जास्त दाबाचा ऑक्सिजन बराच वेळ दिला तर प्राण्यांच्या फुप्फुसाला सूज येते, हे १८९९ मध्येच दिसले होते. माणसाच्या पेशी काचपात्रात साधारण पन्नासदा विभागून थांबतात, हे १९६१ मध्ये कळले. पुढच्याच वर्षी तयार झालेली आणि जगभर लसनिर्मितीत वापरली गेलेली प्रसिद्ध पेशीमालिका गर्भाच्या फुप्फुसातली होती. तरीही पेशींच्या म्हातारपणाचा विचार फुप्फुसाच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला चार दशकांहून जास्त काळ गेला. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांची हकिगत छापली. कुणाला अपघात झाला होता, कुणाला विषाणूचा संसर्ग, कुणाला स्वादुपिंडाचा दाह, पण सगळ्यांची फुप्फुसे एकाच तऱ्हेने पाण्याने भरून कडक झाली होती. आज आपण ज्याला एआरडीएस (ॲक्युट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) म्हणतो ते हेच. पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःला संपवतात, ही कल्पना १९७२ ची.

खरा गुंता १९९४ नंतरचा आहे आणि माझ्या मते या विषयाचा पुढचा सगळा इतिहास त्यानेच घडवला. त्या वर्षी अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी एक गुणोत्तर ठरवले : धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातून दिलेल्या ऑक्सिजनचा अंश. उत्तर ३०० किंवा कमी आले तर 'ॲक्युट लंग इंज्युरी', २०० किंवा कमी आले तर एआरडीएस. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने यातली पहिली संज्ञाच काढून टाकली आणि सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन टप्पे केले. त्याला कारण होते. 'इंज्युरी'मध्ये सगळेच रुग्ण येतात असे मूळ व्याख्येत होते, पण वॉर्डात तो शब्द फक्त सौम्य रुग्णांना लागू लागला होता. इथपर्यंत ठीक. पण त्याच वेळी आणखी एक अट आली : रुग्णाच्या फुप्फुसात श्वास सोडतानाही किमान ५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब मशीनने राखलेला हवा. म्हणजे व्हेंटिलेटर, किंवा सौम्य टप्प्यात घट्ट मास्क. शिवाय एबीजी, म्हणजे धमनीतले रक्त काढून केलेली तपासणी, आधीपासून लागतच होती.

ही अट मोठ्या आयसीयूसाठी लिहिलेली होती. चंदगड किंवा गगनबावड्याकडून दम लागलेला रुग्ण कोल्हापूरला आणताना ॲम्ब्युलन्समध्ये बोटाला लावलेला ऑक्सिमीटर एवढेच मोजमाप हाताशी असते. त्याचे फुप्फुस पाण्याने भरलेले असले तरी २०२३ पर्यंत व्याख्येच्या हिशेबी त्याला तो आजार नव्हता. हे किती टोकाला जाते ते २०१६ मध्ये रवांडातल्या एका रुग्णालयाच्या पाहणीतून कळले. १,०४६ रुग्णांपैकी बर्लिन व्याख्येत बसणारा एकही निघाला नाही. एबीजीऐवजी ऑक्सिमीटर आणि एक्स-रे किंवा सीटीऐवजी सोनोग्राफीही मान्य करून, दाबाची अट काढल्यावर ४२ जण निघाले. त्यातले निम्मे दगावले.

कोल्हापूरने हे २०२१ मध्ये जवळून पाहिले. राज्यात बहुतेक ठिकाणी दुसरी लाट ओसरली तरी इथे ती जून-जुलैपर्यंत रेंगाळली. त्या दिवसांत असंख्य रुग्ण 'हाय फ्लो'वर होते, नाकात नळी, मिनिटाला ३० लिटरहून जास्त ऑक्सिजन, दिवसाचे कित्येक तास पालथे झोपवलेले. व्हेंटिलेटर नव्हता म्हणून कागदावर ते एआरडीएसचे रुग्ण ठरत नव्हते. २०२३ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. हाय फ्लो धरला गेला, ऑक्सिमीटर धरला गेला, आणि साधने तोकडी असतील तिथे दाबाची अटही सोडली गेली. बदल योग्यच आहे, फार उशिरा झाला. (ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर सॅच्युरेशन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० मध्ये पुन्हा ठळकपणे पुढे आले होते. त्यामुळे आपल्याकडे तो आकडा जपूनच वाचायला हवा.)

प्रयोगशाळेतल्या संशोधनाचा याच्याशी काय संबंध? औषधाच्या चाचणीत कोण येतो, कुणाच्या फुप्फुसातला द्रव तपासला जातो, हे व्याख्याच ठरवते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत या इजेचे प्रमाण किशोरवयात लाखामागे १६ होते, तर ७५ ते ८४ या वयात ३०६. मृत्यूचे प्रमाण किशोरवयातल्या २४ टक्क्यांवरून ८५ नंतरच्या वयात ६० टक्क्यांवर जात होते. आजार म्हाताऱ्यांचा, पण प्रयोगातले उंदीर बहुतेक दोन-तीन महिन्यांचे, म्हणजे ऐन तारुण्यातले. तरुण उंदराला वाचवणारी कितीतरी रसायने माणसात निष्प्रभ ठरली, त्यामागे हे एक कारण नक्कीच आहे. आजवरच्या सर्वांत मोठ्या फायद्यांपैकी एक औषधाचा नाही, संयमाचा आहे. २००० मध्ये सिद्ध झाले की व्हेंटिलेटरचा प्रत्येक श्वास उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर ठेवला तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात.

पेशींच्या मरणाचे प्रकारही दरम्यान वाढत गेले. शांतपणे आटपणारे मरण, फुटून आसपास दाह पेटवणारे मरण, लोहामुळे पेशीच्या आवरणातली चरबी नासून येणारे मरण (फेरोप्टोसिस, हे नाव २०१२ चे). यातला दाह पेटवणारा प्रकार कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्री कामगारांच्या थेट जिव्हाळ्याचा आहे. साच्याच्या वाळूतला सिलिकाचा बारीक कण फुप्फुसातली भक्षक पेशी गिळते, पण पचवू शकत नाही. कण तिच्या आतली पाचक पिशवी फोडतो, दाहाचे यंत्र सुरू होते (ही साखळी २००८ मध्ये उलगडली), पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तोच गिळते. म्हणून काम सोडल्यावरही सिलिकोसिस वाढत राहतो. वाळू ओली ठेवणे आणि धूळ ओढून घेणारे पंखे चालू ठेवणे यांनी तो टाळायचा; झालेला आजार बरा करणारे औषध अजून नाही.

वयाचा धागा २००७ मध्ये घट्ट झाला. फुप्फुस हळूहळू कडक होण्याचा आजार (पल्मनरी फायब्रोसिस) ज्या घराण्यांत चालत येतो, त्यांतल्या काहींमध्ये गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या जनुकात दोष सापडला. मरतही नाहीत आणि विभागतही नाहीत अशा थकलेल्या पेशी काढून टाकल्या तर उंदरांची फुप्फुसे सुधारतात, असे २०१७ मध्ये दिसले. २०१९ मध्ये अशा पेशी काढणाऱ्या औषधांचा प्रयोग पहिल्यांदा या आजाराच्या माणसांवर झाला. रुग्ण १४, तुलनेला दुसरा गट नाही. चालण्याचे अंतर वाढले, फुप्फुसाची क्षमता होती तेवढीच राहिली. त्यावरून औषध सापडल्याच्या बातम्या झाल्या, त्या घाईच्या होत्या. कारण २०२२ मध्ये उंदरांत असेही दिसले की याच थकलेल्या पेशींतल्या काही, इजेनंतर श्वासनलिकांचे अस्तर पुन्हा उभे करायला मदत करतात. त्यामुळे आता प्रश्न वेळेचा आहे : इजा झाल्यावर या पेशी किती दिवस राहू द्यायच्या आणि कधी काढायच्या. त्याचे उत्तर साठी-सत्तरीतल्या रुग्णांना चाचणीत घेतल्याशिवाय मिळणार नाही, आणि त्यातले बरेचसे रुग्ण व्हेंटिलेटरपर्यंत पोचतच नाहीत.