इंग्लंडात मध्ययुग शिकायला जाताय? नाशिकहून गेलेले अर्ज कुठे अडतात

इतिहास किंवा इंग्रजी घेऊन बीए झालेल्यांना यॉर्क, लीड्स, डरहॅम इथल्या मध्ययुगीन संस्कृतीच्या एमएचा अर्ज भरताना पहिली धास्ती वाटते ती लॅटिनची. ती सोडा. लॅटिन आणि जुनी हस्तलिखितं वाचायला तिथे अगदी सुरुवातीपासून शिकवतात. घोडं पेंड खातं ते आपल्याकडच्या कागदांवर.

पात्रता साधी आहे: मानव्यशाखेची पदवी, त्या विद्यापीठाने भारतीय पदवीसाठी ठरवलेले गुण आणि इंग्रजी. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुण धरतात, काही आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाच मागतात. बीए मराठी माध्यमातून झालं असेल तर कॉलेजकडे इंग्रजी माध्यमाचं पत्र मागत फिरू नका, सरळ परीक्षा द्या. निकाल दोन वर्षं चालतो. अर्ज ऑनलाइन, सोबत प्राध्यापकांची शिफारसपत्रं.

काही अभ्यासक्रम लेखननमुना मागतात, म्हणजे संदर्भ देऊन लिहिलेला इंग्रजी निबंध. आपली सगळी सत्रं उत्तरपत्रिका भरण्यात जातात, त्यामुळे हा कागद जवळपास कोणाकडेच नसतो. मग शेवटच्या रात्री इकडचं तिकडचं जोडून काहीतरी पाठवलं जातं. विषयासाठी लांब जायला नको. गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा पोर्तुगीजांची आहे, 1739 च्या वसईच्या विजयानंतर इकडे आलेली. विजयाची खूण देवळावर का टांगली जाते, या एका प्रश्नावर नीट निबंध होतो. सिन्नरचं गोंदेश्वर किंवा चांदवडचा रंगमहालही चालेल. पण महिना-दोन महिने द्या आणि प्राध्यापकांकडून तपासून घ्या.

गुणपत्रिकांच्या झेरॉक्स म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, नव्हे. तिच्यासाठी पुणे विद्यापीठाकडे वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क. पदवी प्रमाणपत्रही अर्ज केल्याशिवाय हातात पडत नाही. त्याआधी नावं जुळवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, लग्नानंतर आधारवर तिसरंच नाव, असा घोळ असेल तर तो आत्ताच मिटवा.

शिष्यवृत्तीची तारीख तर हमखास चुकते. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टमध्ये उघडून ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, आणि तेही पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी. मे महिन्यात विद्यापीठाचं प्रवेशपत्र आल्यावर शिष्यवृत्ती शोधायला निघालेल्याला तिथे काही मिळत नाही. शिवाय 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे: पदवीला 60 टक्के, उत्पन्न 8 लाखांच्या आत, वय 35 च्या आत. मात्र 2022-23 च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहासावरचे विषय वगळले गेले. म्हणजे इंग्लंडातल्या कँटरबरीच्या यात्रेकरूंचा अभ्यास चालेल, पंढरीच्या वारकऱ्यांचा नाही. सरकारी शहाणपण! चालू वर्षाच्या सूचना वाचूनच विषय लिहा.

व्हिसासाठी पैसे दाखवताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यावर हवा. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. द्राक्षांचे पैसे आले की आधी खत-औषधाची उधारी भागवली जाते, आणि शिल्लक नेमकी तेव्हाच घसरते. जमीन, सोनं आणि त्यांचे मूल्यांकन दाखले इथे चालत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीच्या भरवशावर राहू नका, ती रक्कम आधीच बँकेत आणा.

पैसे आईवडिलांच्या खात्यावर असतील तर त्यांचं संमतिपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. अडतं ते या दाखल्यावर: पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, आणि दाखल्यावर बाळाचं नावच नाही. पंधरा वर्षांनंतर नाव घालायची मुदत संपलेली असते. मुदतवाढ अधूनमधून निघते, तिच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा पैसे वेळेत स्वतःच्या खात्यावर घ्या, म्हणजे जन्मदाखल्याची भानगडच उरत नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतलं असावं.

व्हिसासाठी लागणारी क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या केंद्रातच करावी लागते. आपल्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी तो धरत नाहीत. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. ते फार लवकर काढून ठेवू नका.