‘ही पिढी’ म्हणजे कोणती पिढी? ख्रिस्ती शेवटकाळाच्या भाकितांमागचा इतिहास

सोलापुरात आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार येतो तेव्हा होम मैदानावर गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहायला अजून महिनाभर असतो. नाताळ जवळ आला म्हणून त्या दिवशी कोणी नवखा माणूस जुन्या वळणाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाळ येशूची गोष्ट ऐकायला जाऊन बसला, तर तो बुचकळ्यात पडेल. त्या रविवारी वाचन असते ते शेवटाचे. मनुष्याचा पुत्र येईल, घटका कोणालाच ठाऊक नाही, म्हणून जागे राहा. त्याच आठवड्यात एखाद्या पेठेतल्या माडीवर प्रार्थनासभा भरते. तिथला उपदेशक भिंतीवर लांबलचक तक्ता लावून तेच अध्याय उलगडत असतो. पहिल्या ठिकाणचे पाळक म्हणतात, यातले बरेचसे यरुशलेम पडले तेव्हाच घडून गेले. दुसऱ्या ठिकाणी सांगतात, यातले मुख्य ते अजून सुरूसुद्धा व्हायचे आहे. दोघांच्या हातातले मराठी बायबल एकच असते.

हा वाद समजून घ्यायचा तर मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २४ व्या अध्यायातल्या एका वाक्यापासून सुरुवात करावी. येशूचे शिष्य त्याला मंदिराच्या भव्य इमारती दाखवतात. तो म्हणतो, यातला चिरा चिऱ्यावर राहणार नाही. मग जैतुनाच्या डोंगरावर शिष्य विचारतात, हे कधी होईल, आणि तुझ्या येण्याचे व युगाच्या समाप्तीचे चिन्ह काय? पाहायला गेले तर हे दोन प्रश्न आहेत, पण विचारले गेले एका दमात. उत्तरातही दोन्ही धागे गुंतलेले आहेत. लढाया, दुष्काळ, भूमिकंप, मंदिरात ओसाडी आणणारी अमंगळ गोष्ट, डोंगरांकडे पळून जा ही ताकीद आणि मेघांवरचे येणे, सगळे एकामागून एक येते. शेवटी येशू म्हणतो, हे सर्व घडेपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. ‘ही’ म्हणजे कोणती? समोर बसलेली, की ती चिन्हे ज्या पिढीला दिसतील ती?

समोर बसलेली असे मानले, तर इतिहास हात देतो. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीताने यरुशलेम घेतले आणि मंदिर जळाले. संभाषणापासून हिशेब केला तर चाळीसएक वर्षे, म्हणजे एक पिढी. शहर पडण्यापूर्वी तिथले ख्रिस्ती लोक यार्देनपलीकडच्या पेल्ला गावी निघून गेले, असे चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो. बहुतेक भाकिते पहिल्या शतकातच पूर्ण झाली, असे मानणारे या घटनेवर भर देतात. त्यांना आपण भूतकाळवादी म्हणू. प्रकटीकरण या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातल्या श्वापदाची संख्या ६६६ हीही त्यांच्या मते नीरो बादशहाचीच. ‘नेरोन कैसर’ हे नाव इब्री अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या की बेरीज ६६६ येते. लॅटिन वळणाने नाव लिहिले तर ६१६ येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ सापडते. मला विचाराल तर या पक्षाचा हा सर्वांत भक्कम पुरावा. अडचण एवढीच, की दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस प्रकटीकरण हे पुस्तक दोमितियन बादशहाच्या कारकिर्दीच्या अखेरचे, म्हणजे इ.स. ९५ च्या सुमाराचे ठरवतो. तसे असेल तर नीरो आणि यरुशलेम दोन्ही मागे पडलेले.

मेघांवरचे येणे तेवढे दिसले नाही, त्यामुळे पहिल्या पिढीतच चुळबूळ सुरू झाली. प्रभूचा दिवस येऊन ठेपला, अशी आवई थेस्सलनीकात उठली होती. काही जणांनी तर हातपाय हलवणेच सोडले होते. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावले की काम करायचे नसेल त्याने खाऊही नये. भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गिरणगावाला ते वाक्य चांगलेच कळावे. दुसऱ्या शतकात फ्रिगियातल्या मोंतानसाच्या अनुयायांना नवे यरुशलेम आपल्याच मुलखात, पेपुझा गावी उतरणार असे वाटत होते.

प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायातली हजार वर्षे हा दुसरा कळीचा मुद्दा. सैतान बांधला जातो आणि संत ख्रिस्ताबरोबर हजार वर्षे राज्य करतात. पापियस, जस्टिन, इरेनियस या आरंभीच्या मंडळींनी हे शब्दशः घेतले: ख्रिस्त आधी येईल, मग पृथ्वीवर त्याचे राज्य. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस याने इजिप्तमधल्या अर्सिनोए प्रांतात या प्रश्नावर तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चर्चा केली. शेवटी समोरच्यांनी आपले मत सोडले आणि त्याने त्यांच्या प्रांजळपणाचे कौतुक लिहून ठेवले. या विषयावरच्या वादाचा असा गोड शेवट पुढे क्वचितच झाला.

मग उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन आला. पाचव्या शतकाच्या आरंभी त्याने सांगितले की हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या येण्यामधला सगळा काळ. राज्य चालूच आहे, मंडळीतून चालू आहे. पश्चिमेकडच्या चर्चने हेच उचलले आणि पुढची हजारभर वर्षे तेच प्रमाण राहिले. रोमन कॅथलिक शिकवण आजही पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची कल्पना नाकारते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स उपासनेत तर प्रकटीकरण नेमलेल्या वाचनांतच नाही.

तिसरी वाट धर्मसुधारणेच्या काळात रुंद झाली. जुन्या करारातले दानीएलाचे पुस्तक आणि प्रकटीकरण म्हणजे चर्चच्या साऱ्या इतिहासाचा आगाऊ लिहिलेला आलेख, असे प्रोटेस्टंट सुधारक म्हणत. एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा त्यांचा हिशेब. श्वापदाचे १,२६० दिवस म्हणजे १,२६० वर्षे, आणि ख्रिस्तविरोधक म्हणजे रोमचा पोप. ल्यूथरला १५२२ मध्ये प्रकटीकरण पवित्र आत्म्याने लिहवले असे वाटतच नव्हते. १५३० च्या प्रस्तावनेत मात्र त्याने त्यात चर्चचा इतिहास शोधला. कॅल्व्हिनने नव्या करारातल्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिले, या पुस्तकावर लिहिलेच नाही.

आता या इतिहासातला सर्वांत गमतीचा भाग. पोपवरच्या या आरोपाला उत्तर द्यायला जेझुइट या कॅथलिक संघातले दोन स्पॅनिश पंडित सरसावले आणि दोघे एकमेकांच्या उलट दिशेला गेले. फ्रान्सिस्को रिबेराने १५९० च्या सुमारास मांडले की श्वापद, ख्रिस्तविरोधक हे सगळे जगाच्या अगदी शेवटच्या साडेतीन वर्षांतले आहे, तेव्हा आजच्या पोपचा त्याच्याशी संबंध काय? लुइस दे अल्काझार म्हणाला की ते केव्हाच होऊन गेले, यहुदी आणि मूर्तिपूजक रोम यांच्यावर मंडळीने विजय मिळवला तेव्हा. त्याचे भाष्य तो वारल्यावर, १६१४ मध्ये छापले गेले. पोप दोन्हीकडून सुटला. आज पोपचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालणारा एखादा उपदेशक तक्त्यावर जे भविष्य मांडतो, त्याची वाट एका जेझुइटाने आधी मळून ठेवली होती. थेट वारसा नसेल, पण वाट तीच.

दिवस-वर्षाच्या हिशेबाला सर्वांत मोठा फटका अमेरिकेत बसला. विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानीएलातले २,३०० दिवस इ.स.पू. ४५७ पासून मोजले आणि १८४३ च्या आसपास येऊन थांबला. अनुयायांनी शेवटी तारीख धरली ती २२ ऑक्टोबर १८४४. लोक रात्रभर जागले, सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभे केले. त्यांच्या मते तारीख बरोबर होती, घटना मात्र पृथ्वीवर न घडता स्वर्गातल्या मंदिरात घडली.

सोलापूर या कथेत येते ते रेल्वेच्या पाठोपाठ. १८६० च्या सुमारास गाडी इथे पोहोचली आणि त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणे केले. अहमदनगरचे ठाणे १८३१ चे. ही माणसे ज्या न्यू इंग्लंडमधून आली, तिथे जोनाथन एडवर्ड्सपासून एक वेगळीच आशा रुजली होती: सुवार्ता, शिक्षण आणि सुधारणा यांनी जग हळूहळू ख्रिस्ताचे होईल, हजार वर्षांचा सुकाळ येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. या मिशनचे आद्य लोक गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनी मुंबईत बसून साठ कोटी लोकांच्या उद्धाराचा हिशेब मांडणारी पुस्तिका लिहिली. ती १८१८ मध्ये छापली गेली. साठ कोटी म्हणजे त्यांच्या अंदाजाने ख्रिस्ती नसलेले जग. हॉल १८२६ मध्ये नाशिक भागात कॉलऱ्याने गेला. तो हिशेब आज वाचताना भाबडा वाटतो. पण मुलींच्या शाळा, बालवर्ग, दवाखाने हे सगळे त्याच आशेच्या पोटातले आहे. शाळा काढायला वेळ लागतो, आणि आपल्यापुढे वेळ आहे असा विश्वास असणाराच ती काढतो.

मग दुष्काळ आले. १८७६ चा, १८९६ चा, १८९९ चा, आणि मधेच प्लेग. सोलापूर जिल्हा प्रत्येक वेळी होरपळला. जग सुधारत चालले आहे, हे अशा वर्षांत उपाशी माणसाला पटवणे अवघड. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या. त्या काळी दीड हजारांवर बायका-मुलींचे ते मुक्तिसदन पुणे-सोलापूर लोहमार्गावरच आहे. १९०५ मध्ये तिथे मोठे संजीवन झाले. रडणे, पापांची कबुली, तासन्‌तास प्रार्थना. जगभरच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, लोकांनी अशा संजीवनांना योएल संदेष्ट्याच्या भाकिताशी जोडले: हा शेवटच्या काळातला ‘वळवाचा पाऊस’. मराठी बायबलात आगोटीचा आणि वळवाचा पाऊस अशी जोडी येते. गंमत अशी, की पॅलेस्टाइनमध्ये पेरणीसाठी आगोटीचा पाऊस शरदात पडतो आणि वळवाचा मार्च-एप्रिलमध्ये, कापणीच्या तोंडावर. सोलापूरकराला वळीव म्हटला की उन्हाळ्यातली धूळ, गारा आणि उडालेले पत्रे आठवतात. ज्वारी तर तोवर घरात आलेली असते. शब्द बरोबर बसला, ऋतू तेवढा हलला.

तक्त्यावरची मांडणी मात्र मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधल्या पाळकाच्या विचारातून आली. १८३० च्या दशकात त्याने इस्राएल आणि मंडळी यांचे मार्गच वेगळे केले. दानीएलातली सत्तर सप्तके म्हणजे ४९० वर्षे. त्यातली ६९ सप्तके संपली, मग घड्याळ थांबले, आणि शेवटचे सप्तक, म्हणजे सात वर्षांचे मोठे संकट, बाकी आहे. त्याआधी विश्वासणारे मेघांत उचलले जातील. १९०९ मध्ये अमेरिकन पाळक स्कोफिल्डच्या टीपा असलेले बायबल निघाले आणि ही मांडणी वचनांच्या खालीच छापली गेली. सामान्य वाचकाला वचन कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते, याचे भान राहणे कठीण झाले. पहिल्या महायुद्धाने जुन्या मिशनऱ्यांची सुकाळाची आशा मोडून काढली होतीच. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले तेव्हा डार्बीच्या वाचकांना घड्याळाचा काटा हलल्यासारखे वाटले. तिथून एक पिढी, चाळीस वर्षे, म्हणजे १९८८. त्या साली उचलले जाण्याची कारणे मोजणारी पुस्तिका अमेरिकेत लाखोंनी खपली. २०११ मध्ये २१ मे ही तारीख निघाली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर.

आपल्याकडे तारखांपेक्षा चिन्हांचे वेड जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरही हादरले. त्यानंतर ‘जागोजागी भूमिकंप होतील’ ही ओळ किती सभांतून ऐकली, याची मोजदाद नाही. लगतची ओळ कोणी वाचत नसे: ही तर वेदनांची सुरुवात, एवढ्यात शेवट नाही. पुढे आधार कार्डाचा क्रमांक हीच श्वापदाची खूण, असे मिझोराममधल्या काही गटांनी धरले. तशा चित्रफिती इथल्या मोबाइलवरही फिरल्या.

दुसऱ्या टोकालाही अतिरेक आहे. १८७८ मध्ये जेम्स स्टुअर्ट रसेल याने ख्रिस्ताचे दुसरे येणेसुद्धा इ.स. ७० मध्येच झाले अशी मांडणी केली, आणि आज पूर्ण भूतकाळवादी म्हणवणारे गट मृतांचे पुनरुत्थानही मागे टाकतात. बहुतेक मंडळ्या इथे हात आखडतात. ‘तो गौरवाने पुन्हा येईल’ हे मतांगीकारात, म्हणजे उपासनेतल्या श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, म्हटले जाते ते भविष्यकाळातच. शिवाय पुनरुत्थान होऊन गेले म्हणणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांना तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात नावानिशी फटकारले आहे. अंशतः भूतकाळवादी मात्र मंदिर पडणे मागे ठेवून येणे पुढे ठेवतात. मत्तयाचा अध्याय वाचताना मला तेच त्यातल्या त्यात कमी ओढाताणीचे वाटते. पण ‘हे सर्व’ यातला ‘सर्व’ त्यांनाही टोचतोच.

आणि ‘ही पिढी’? ग्रीकमध्ये शब्द आहे ‘गेनेआ’. स्कोफिल्डने टीपेत त्याचा अर्थ वंश असा घेतला: यहुदी वंश नाहीसा होणार नाही. तसे केले की चाळीस वर्षांची कटकटच मिटते. अनुवादकांनी ती मिटवली नाही. मराठी बायबलात ‘पिढी’ आहे, आणि सोलापुरातल्या तेलुगू बोलणाऱ्या ख्रिस्ती घरात उघडलेल्या बायबलात त्याच जागी ‘ई तरमु’, म्हणजे पिढीच.