सोडत आणि सुळका : उत्तर अमेरिकेतील रानमेंढ्यांच्या शिकारीची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतरांगांत रानमेंढ्यांच्या शिकारीत यश किती जणांना मिळते, या प्रश्नाला एकच आकडा पुरत नाही. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत बिगहॉर्न जातीच्या एडक्याच्या शिकारीचा परवाना सोडतीने दिला जातो आणि नावाजलेल्या भागांत शंभर अर्जदारांपैकी एकालाही तो मिळेल याची खात्री नसते. परंतु ज्याला परवाना मिळाला, तो बहुतेक वेळा एडका घेऊनच परततो. राज्यांच्या वन्यजीव विभागांच्या अहवालांत यशाचे प्रमाण म्हणून सामान्यतः हा दुसरा आकडा दिला जातो, आणि तो वाचून ही शिकार सोपी असावी असा समज होतो. या दोन आकड्यांतील अंतर कसे निर्माण झाले, हे समजण्यासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते.

बंदुका येण्यापूर्वी या प्राण्याची शिकार हे सामूहिक काम होते. यलोस्टोन आणि त्याच्या आसपासच्या पर्वतांत राहणारे तुकुदिका, म्हणजे शोशोनी लोकांपैकी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारा गट, लाकडांचे निमुळते होत जाणारे कुंपण उभारून कुत्र्यांच्या मदतीने कळप त्यात हाकत असत आणि एडक्याच्या शिंगांपासून अतिशय ताकदवान धनुष्ये बनवत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणकामगारांच्या वस्त्या वाढल्या, मांसाच्या विक्रीसाठी बेसुमार शिकार सुरू झाली आणि पाळीव मेंढ्यांचे प्रचंड कळप उन्हाळी कुरणांवर चढू लागले. चाऱ्यासाठीची स्पर्धा, खरूज आणि न्यूमोनिया यांनी रानमेंढ्यांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. राज्यांनी एकामागून एक शिकार बंद केली. मोंटानात ही बंदी 1915 पासून सुरू झाली.

पुनरुज्जीवनाचा सर्वांत हृद्य अध्याय अ‍ॅरिझोनाचा आहे. मेजर फ्रेडरिक रसेल बर्नहॅम यांच्या पुढाकाराने तेथील बालवीरांनी 1936 पासून वाळवंटी बिगहॉर्नच्या रक्षणासाठी राज्यभर मोहीम चालवली आणि तिची परिणती म्हणून 1939 मध्ये कोफा आणि कॅबेझा प्रिएटा ही दोन राखीव क्षेत्रे जाहीर झाली. शाळकरी मुलांनी भित्तिपत्रके आणि भाषणे यांच्या बळावर शासनाला एवढे मोठे पाऊल उचलायला लावावे, हे आजही विलक्षण वाटते. त्याआधी 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील अबकारी कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना देण्याची सोय केली होती. या निधीतून पुढे सर्वेक्षणे झाली, पाणवठे बांधले गेले आणि मुख्य म्हणजे मेंढ्या पकडून दुसरीकडे नेऊन सोडणे सुरू झाले. 1954 मध्ये ब्रिटिश कोलंबियातून आणलेल्या 20 मेंढ्या ओरेगॉनमधील हार्ट माउंटनवर सोडण्यात आल्या. जिथून हा प्राणी पूर्णपणे नाहीसा झाला होता, अशा त्या राज्यात आजचे अनेक कळप त्या मेंढ्यांचे वंशज आहेत.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅरिझोना, मोंटाना यांसारख्या राज्यांनी शिकार पुन्हा खुली केली, पण अगदी मोजक्या परवान्यांनिशी. त्याच सुमारास मागणी मात्र वाढू लागली. डॉल, स्टोन, रॉकी पर्वतातील बिगहॉर्न आणि वाळवंटी बिगहॉर्न या चारही प्रकारांचा एकेक एडका मिळवणे ही स्वतंत्र कामगिरी मानण्याची प्रथा 1940 च्या दशकाच्या अखेरीस ग्रॅन्सेल फिट्झ या शिकाऱ्याच्या लेखनातून रूढ झाली आणि पाहता पाहता वाळवंटी बिगहॉर्नचा परवाना हा चौघांतील सर्वांत दुर्मीळ दुवा ठरला. हरलेल्या अर्जदाराला पुढच्या वर्षी थोडी अधिक संधी देणारी गुणपद्धती काही राज्यांनी आणली, तर अ‍ॅरिझोनाने प्रत्येक प्रकाराचा एकच एडका आयुष्यात एकदाच, असा नियम ठेवला. तरीही अर्ज वाढतच राहिले. 1980 च्या दशकापासून मोजके परवाने लिलावाने विकून तो पैसा मेंढ्यांच्याच कामासाठी राखून ठेवण्याची पद्धत रुळली. 2013 मध्ये मोंटानाचा असा एक परवाना 4 लाख 80 हजार डॉलरला गेला. श्रीमंतांना रांग ओलांडू देणारी ही व्यवस्था मला खटकते. तथापि, त्या पैशातून कळप उभे राहिले हेही नाकारता येत नाही.

सोडतीचा अडसर दूर केला तर पर्वत किती अवघड आहे, हे मोंटानाच्याच एका कोपऱ्यात दिसते. यलोस्टोनच्या उत्तरेला असलेल्या अ‍ॅब्सरोका आणि बेअरटूथ पर्वतांतील काही विभागांत परवान्यांच्या संख्येवर मर्यादा नाही. मुदतीत अर्ज करणाऱ्या कोणालाही परवाना मिळतो. मर्यादा आहे ती मारल्या जाणाऱ्या एडक्यांच्या संख्येवर, आणि ती भरली की पूर्वसूचना देऊन विभाग बंद होतो. येथे शंभरातील मोजक्याच शिकाऱ्यांना यश येते. हा प्रदेश 3000 मीटरपर्यंत आणि त्याहूनही उंच आहे, सप्टेंबरमध्येही तेथे बर्फ पडतो, ग्रिझली अस्वलांचा वावर असतो आणि नियमात बसणारे एडके फार थोडे असतात. बिगहॉर्नची दृष्टी अतिशय तीक्ष्ण असते आणि धोका जाणवताच तो अशा कड्यांवर चढतो जिथे माणसाला दोराशिवाय जाणे शक्य नसते. त्यामुळे शिकाऱ्याचा बहुतेक वेळ चालण्यात जात नाही, तर दुर्बिणीतून समोरची प्रत्येक घळ न्याहाळण्यात जातो. कळप दिसला तरी दिवस तापल्यावर वारा उताराने वर चढतो आणि सायंकाळी खाली उतरतो, हे लक्षात ठेवून वाट आखावी लागते. बहुधा वळसा घालून वरच्या बाजूने उतरणेच श्रेयस्कर ठरते, कारण मेंढ्यांची नजर सहसा खालच्या दिशेला असते. एवढे करून जवळ पोहोचल्यावर समोरचा एडका कायदेशीर आहे की नाही, हे ठरवायचे असते.

ही कसोटी शिंगावर आधारलेली आहे. अलास्कात 1950 च्या दशकापासून डॉल एडक्याच्या शिंगाचा तीन-चतुर्थांश वेढा, म्हणजे बाजूने पाहता वर्तुळाचा तेवढा भाग, पुरा झालेला असणे पुरेसे मानले जात होते. 1979 मध्ये ही अट सात-अष्टमांशावर गेली आणि पुढे बहुतेक भागांत पूर्ण वेढ्याची झाली. वेढा पूर्ण नसल्यास दोन्ही शिंगांची टोके तुटलेली असावीत किंवा शिंगावरील वार्षिक वळ्यांवरून वय किमान आठ वर्षे दिसावे, असे पर्याय आहेत. शेकडो मीटरवरून, हलत्या हवेत वळी मोजणे किती कठीण असते याची कल्पना करता येईल. म्हाताऱ्या नरांनाच मारल्याने कळपाच्या वाढीला धोका कमी, हा नियमामागचा विचार योग्यच आहे. पण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात राम माउंटन येथील दीर्घ अभ्यासातून 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी त्याची दुसरी बाजू पुढे आणली. तेथे मोठ्या आणि वेगाने वाढणाऱ्या शिंगांचे एडके प्रजननाच्या ऐन भरात येण्याआधीच मारले जात होते आणि पिढ्यान् पिढ्या शिंगे लहान होत गेली होती. या बदलात निवडीचा वाटा किती आणि चाऱ्याचा किती, यावर तज्ज्ञांत पुढे वाद झाला.

शिकारीपेक्षा मोठे संकट मात्र रोगाचे राहिले आहे. पाळीव मेंढ्या आणि शेळ्या मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिए हा जीवाणू फारसा त्रास न होता नाकात बाळगतात. तो बिगहॉर्नच्या कळपात शिरला की सर्व वयांच्या मेंढ्या न्यूमोनियाने मरतात आणि त्यानंतर अनेक वर्षे नवी कोकरेही उन्हाळ्यातच दगावत राहतात. 1995-96 मध्ये आयडाहो-ओरेगॉन सीमेवरील हेल्स कॅन्यन या खोल दरीत आणि 2009-10 च्या हिवाळ्यात मोंटानाच्या अनेक कळपांत हेच घडले. या अनुभवामुळेच आयडाहोतील पेएट राष्ट्रीय वनात 2010 मध्ये पाळीव मेंढ्यांची चराई मोठ्या प्रमाणात कमी करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या तेथे मेंढ्या चारणाऱ्या कुटुंबांच्या उपजीविकेवर घाला आला, आणि हा संघर्ष अजून मिटलेला नाही.

असा कळप कोसळला की वन्यजीव विभाग परवाने कमी करतात किंवा शिकार काही काळ बंद ठेवतात. थोडे परवाने आणि उरलेले काही मोठे एडके, अशा स्थितीत यशाचे प्रमाण पूर्वीइतकेच उंच राहू शकते. म्हणून त्या आकड्याशेजारी त्या वर्षीचे परवाने, त्यांच्यासाठी आलेले अर्ज आणि शरद ऋतूपर्यंत जगलेल्या कोकरांचे प्रमाण हे तीन आकडे ठेवूनच तो वाचावा लागतो.