कुठल्या वावरात सापडलं? नागपूरच्या वारसा-व्याख्यानांमागची गोष्ट

आभारप्रदर्शन होतं, लोक दाराकडे सरकू लागतात आणि कुणीतरी वक्त्यापाशी येऊन रुमालाची गाठ सोडतो. आत तांब्याचं नाणं असतं, एखादा मणी असतो, नाहीतर मोबाइलवर शेताच्या धुऱ्यावरच्या मूर्तीचा फोटो. ‘सर, पाहता का जरा, काय आहे हे?’ नागपुरात प्राचीन वस्तू, मूर्ती, लेख यांवरच्या व्याख्यानांना मी अनेक वर्षं जातो आणि हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आहे. जाणता वक्ता वस्तू हातात घेण्याआधी विचारतो, ‘कुठल्या वावरात सापडलं?’

हा प्रश्न या शहरात फार जुना आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरात आले ते धर्मप्रसारासाठी. पण इथले खडक, जीवाश्म आणि गोंडांची गाणी यांनी त्यांना कायमचं बांधून घेतलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मांडलेली दगडांची कडी, पाहायला गेले होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल तिथे सोबत होते. परतताना अंधार झाला, वाटेतला नाला पावसानं भरलेला होता, आणि घोड्यावरून तो ओलांडताना हिस्लॉप बुडाले. त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली. वस्तू नागपुरात मागवून न घेता तिच्या जागेवर जाऊन पाहणारा हा माणूस. या परंपरेची सुरुवात मी त्याच्यापासून मोजतो.

त्याच १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय उभं राहिलं. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ म्हटलं आणि आजही रिक्षावाल्याला तेच नाव सांगावं लागतं. १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात मोठं प्रदर्शन भरलं आणि प्रांतातल्या कारागिरीच्या वस्तू एका ठिकाणी मांडल्या गेल्या. पुढे १८७० मध्ये बालाघाटकडच्या गुंगेरियाला तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एका जागी सापडले. त्यांतला काही भाग अजब बंगल्यात आला, काही थेट लंडनला गेला.

संग्रहालय उभं राहण्याच्या दहाच वर्षं आधी नागपूरनं उलटा अनुभव घेतला होता. नागपूरचे भोसले राजे तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. राणी बाकाबाईंचा विरोध कुणी जुमानला नाही. हार विकला गेला की तो नुसता हार उरतो. तो कुणाचा, कुठल्या प्रसंगाचा, हे लिलावाच्या यादीत येत नाही. म्हणूनच इथल्या श्रोत्यांना ‘ही वस्तू गेली कुठे’ हा विषय इतका जिव्हारी लागतो.

व्याख्यानाला खरी शिस्त लागली ती वासुदेव विष्णु मिराशींमुळे. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या मिराशींनी विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक घराण्याच्या ताम्रपटांना आयुष्य दिलं. ताम्रपट म्हणजे कडीत ओवलेले तांब्याचे पत्रे. त्यांवरच्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर इवलीशी चौकोनी पेटी असते, म्हणून त्या लिपीचं नाव पेटिकाशीर्षक. अचलपूरजवळच्या चम्मकला १८६८ च्या सुमारास नांगरताना असा सात पत्र्यांचा संच वर आला. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनानं मधुनदीच्या काठचं चर्मांक गाव हजार ब्राह्मणांना दिल्याचा तो लेख आहे. चर्मांक म्हणजे आजचं चम्मक, दीड हजार वर्षांनंतरही तेच नाव! ताम्रपटातल्या गावांची नावं आजच्या नकाशावर जुळवणं, हे मिराशींचं मोठं काम. वाकाटक लेखांचा त्यांचा इंग्रजी खंड १९६३ मध्ये निघाला, पण त्याआधी, १९५७ मध्येच, त्यांनी तो विषय मराठीत ग्रंथरूपानं मांडला होता. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर विद्यापीठातली मंडळी कुदळ-फावडं घेऊन बाहेर पडली. १९६७ मध्ये पवनार, लगेच पुढे टाकळघाट-खापा, मग माहूरझरी, मांढळ. टाकळघाट म्हणजे हिस्लॉप शेवटी गेले तेच गाव. काटोल रोडवरच्या जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, त्यांतल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. अलीकडे नगरधनच्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा निघाली आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजेच नगरधन, हे जुनं म्हणणं आणखी भक्कम झालं. असं काही निघालं की गावात आणि शहरात व्याख्यानं झडतात. आपल्याच तालुक्याचं नाव पडद्यावर आलं की लोक सावरून बसतात.

रुमाल मात्र अजून दबकतच सोडला जातो. त्याचं कारण कायद्याची भीती. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेण्यास खाजगी माणसाला बंदी आली आणि मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्यांची नोंदणी सक्तीची झाली. हे नीट समजावून सांगणारं पोलीस ठाण्यात कुणी भेटत नाही, व्याख्यानात भेटतं.

एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं सोडवली, खर्च ४७ लाख १५ हजार. पातं युरोपी, मूठ मुल्हेरी घडणीची, आणि पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत सेनासाहेब सुभा राघोजी भोसल्यांचं नाव. नाव कोरलेलं होतं म्हणून ती ओळखता आली.

मण्यावर नाव नसतं. एका व्याख्यानानंतर माहूरझरीकडच्या एका बाईंनी पावसानंतर वावरात वेचलेले तीन लालसर मणी टेबलावर ठेवले. वक्त्यांनी एकेक उजेडाकडे धरला. तिसऱ्यातून उजेड आला नाही, भोक एका बाजूनं अर्ध्यापर्यंतच पडलेलं होतं. ‘हा इथेच घडत होता,’ ते म्हणाले. ‘अर्धा मणी कुणी विकत आणत नाही.’ मग त्यांनी वहीचं पान फाडून पुढे केलं आणि बाईंनी त्यावर वावराचा खसरा नंबर लिहिला.