ड्रिल पहिल्या मजल्यावर, भांडण पाचव्या मजल्यावर

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. जुळे सोलापुरातली आमची पाच मजली इमारत, दुपारचे अडीच, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि घरोघरी माणसं पंख्याखाली आडवी झालेली. तेवढ्यात डोक्यावर घर्रर्र सुरू झालं. चौथ्या मजल्यावरच्या काकू तडक वर गेल्या. "अहो दादा, बंद करा की जरा ते मशीन! लेकरू आत्ता कुठं झोपलंय." दार उघडणाऱ्या दादांचा हात भाताने भरलेला होता; ते जेवत होते. मशीन चालू होतं पहिल्या मजल्यावर. तिथे बाथरूमची जुनी फरशी निघत होती. काकूंना ते पटलं नाही आणि दोन घरांतलं बोलणं आठवडाभर बंद राहिलं.

काकूंच्या कानांचा काहीच दोष नव्हता. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. बाजूने आलेला आवाज एका कानाला थोडा आधी पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो, तरी मेंदू तो पकडतो. पण हॅमर ड्रिलचा, म्हणजे फिरता फिरता ठोके मारणाऱ्या ड्रिलचा, आवाज काकूंकडे हवेतून आलाच नव्हता. तो कॉलममधून चढला, बीममधून स्लॅबमध्ये पसरला आणि काकूंच्या खोलीच्या भिंती आणि छत सगळंच थरथरू लागलं. सगळी खोलीच लाउडस्पीकर झाली, तर दिशा कुठली कळणार?

इथेच मला या विषयाची खरी गोडी आहे. एका पदार्थातून दुसऱ्यात आवाज किती शिरेल, हे दोन्हींच्या 'ध्वनी-अवरोधा'वर ठरतं. घनता गुणिले त्यातला आवाजाचा वेग, इतकं ते सोपं आहे. हवेसाठी हा आकडा साधारण 400 येतो. काँक्रीटची घनता 2,400 किलो प्रति घनमीटर आणि आवाजाचा वेग सेकंदाला 3,000 मीटरहून जास्त, म्हणजे गुणाकार 70-80 लाखांच्या घरात जातो. दोन आकड्यांत जितकी तफावत, तितका आवाज सीमेवरून परत फिरतो. भिंत खूप जाड धरली तर हवेतून आलेल्या ऊर्जेच्या 10,000 भागांतले जेमतेम दोन भाग आत शिरतात. आता ड्रिलचं पोलादी टोक, म्हणजे बिट, भिंतीला टेकवा. पोलादाचा अवरोध काँक्रीटच्या पाचेक पट, तफावत किरकोळ, आणि तोच हिशेब सांगतो की अर्ध्याहून जास्त ऊर्जा थेट आत जाते. कुठे 10,000 त दोन आणि कुठे निम्म्याहून अधिक! खऱ्या घरात भिंत पातळ असते, जाड, घुमणाऱ्या आवाजाला ती अख्खीच्या अख्खी पुढेमागे हलते, त्यामुळे नेमके आकडे वेगळे येतात; पण फरकाची जात हीच राहते. त्यात आरसीसीचा सांगाडा एकसंध ओतलेला, मध्ये कुठे खंड नाही. जुन्या पेठांतल्या धाब्याच्या घरांत दगड आणि मातीचा प्रत्येक सांधा थोडी थोडी ऊर्जा खाऊन टाकायचा. काँक्रीट फारसं काही खात नाही.

माझं लहानपण पूर्व भागात यंत्रमागाच्या वर गेलं. खाली धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे फेकला जायचा. रात्रपाळीत उशीवर डोकं ठेवलं की कानाच्या आधी दातांना तो ठोका कळायचा, आणि उशाशी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक गोल वलयं उठत राहायची. भिंतीतून येणारा आवाज म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

म्हणून घराचं काम काढलं की पहिला प्रश्न हा: ठोका टाळता येईल का? हॅमर ड्रिल मिनिटाला 4,000-5,000 ठोके मारतं. विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीला बऱ्याचदा ठोक्याची गरजच नसते. हॅमरचं बटण बंद करून नुसतं फिरवलं, बिट धारदार असलं, तरी भोक पडतं. एसीच्या पाइपसाठी मोठं भोक हवं असेल तर छिन्नी-हातोड्याऐवजी कोअर कटर मागवा. तो ठोकत नाही, घासून कापतो. शहाबादी उचकटण्याआधी भिंतीलगतचा सांधा कटरने कापून घ्या. कटर कर्कश ओरडतो हे खरं, पण ते ओरडणं बरंचसं हवेतलं असतं आणि दार-खिडक्या लावल्या की त्याचा मोठा भाग घरातच अडकतो. भिंतीत शिरलेल्या ठोक्याला दार कुठलं लावणार?

सुतार प्लायवूडवर खिळे ठोकतात तेव्हा खाली चार घड्यांची जुनी सोलापुरी चादर घाला. चेंडू झेलताना हात मागे घेतो, तसंच इथे होतं. धक्का बसायला वेळ जास्त मिळतो, बळाचं टोक बोथट होतं आणि फरशीत जाणारा खणखणाट उतरतो.

'साउंडप्रूफ पेंट'च्या जाहिरातींना मात्र बळी पडू नका. 15 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला सुमारे 360 किलो. त्यावर एक मिलिमीटर रंग म्हणजे फार तर दीड-दोन किलो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर सुमारे 6 डेसिबल कमी होतात. या दीड किलोने 0.04 डेसिबल. कानाला एक डेसिबलचा फरकही मुश्किलीने कळतो. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचीही तीच गत.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 बांधकामाची आवाज करणारी यंत्रं तिथे चालवायला मनाई आहे. दुपारच्या झोपेबद्दल नियम काही म्हणत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती कुणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या मजल्यावरच्या मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सांधे कापून घेतले, फोडायचं काम सकाळी 10 ते 12 मध्ये उरकलं आणि आदल्या संध्याकाळी जिन्यात खडूने वेळ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी फोडाफोडी चालू असताना मी काकूंना खाली घेऊन गेलो आणि कॉलमवर तळहात ठेवायला सांगितला. त्यांनी तो बराच वेळ तिथेच ठेवला. मग वर येताना त्या चौथ्या मजल्यावर थांबल्या नाहीत, तशाच पाचव्यावर गेल्या.