अतिनील किरणांनी ‘मेलेले’ जीवाणू उठतात कसे?

अतिनील किरणांनी जीवाणू मरतात, हे ज्ञान जुनेच. २६० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी सर्वांत घातक असते आणि न्यूक्लिइक आम्लही (डीएनए त्यातलेच) नेमकी तीच शोषते, हे फ्रेडरिक गेट्स यांनी १९३० च्या सुमारास दाखवले होते. अडचण वेगळीच होती. मात्रा तीच, वाण तोच, तरी वाचलेल्यांचा आकडा दर खेपेला निराळा यायचा.

अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केल्नर ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस’ या जीवाणूच्या बीजाणूंवर काम करत होते. आधी संशय तापमानावर गेला. घोळ घालत होता तो उजेड! मारा झाल्यावर साधा दृश्य प्रकाश मिळाला, तर जगणाऱ्यांची संख्या लाखपटीने वाढे. त्याच वर्षी, १९४९ मध्ये, अमेरिकेतच ब्लूमिंग्टनला रेनातो दुल्बेको यांना जीवाणूभक्षी विषाणूंतही तेच आढळले. म्हणून आजही असे प्रयोग पिवळ्या दिव्यात करतात आणि थाळ्या लगेच अंधारात ठेवतात. नाहीतर जगलेल्यांचा आकडा फुगतो आणि बोल लागतो तो दिव्याला. अतिनील दिव्याखालून काढलेले पाणी पारदर्शक भांड्यात उन्हात का ठेवू नये, याचेही कारण हेच.

नेमके बिघडते काय, हे १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांच्या कामातून कळले. थायमिन हा डीएनएचा एक घटक. त्याच्या गोठवलेल्या द्रावणावर किरण सोडताच थायमिनचे दोन-दोन रेणू जुळून जोड्या, म्हणजे डायमर, बनले. डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारी असे चिकटले की प्रत काढणारे पॉलिमरेज तिथे अडते. फोटोलायेझ हे एन्झाइम डायमरला अंधारातही बिलगते, पण जोड सोडवायला त्याला निळसर प्रकाश लागतो. धागा मात्र कापावा लागत नाही.

अंधारातली दुरुस्ती अधिक खटाटोपाची. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज आणि येल इथल्या दोन गटांनी दाखवले, की ‘ई. कोलाय’ या जीवाणूचा अतिनील किरणांना न जुमानणारा चिवट वाण डायमर कापून बाहेर टाकतो. नाजूक वाणाला ते जमत नाही. कापाकापीचा हिशेब १९८३ मध्ये अझीझ सँकार आणि डीन रप यांनी मांडला. यूव्हीआर-ए आणि बी ही प्रथिने जागा हेरतात, सी आल्यावर डायमरच्या दोन्ही बाजूंना छेद बसतात, आणि १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या धाग्यातल्या दुव्यांचा) तुकडा यूव्हीआर-डी सोडवते. पॉलिमरेज-१ खाच भरते, लायगेझ सांधते.

हेही अपुरे पडले तर? उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर आरईसी-ए प्रथिन चढते, त्याच्या सान्निध्यात लेक्स-ए हे जनुके दडपणारे प्रथिन स्वतःलाच कापते आणि दडपलेली जनुके जागी होतात. मिरोस्लाव्ह रॅडमन यांनी याला ‘एसओएस’, म्हणजे संकटाची हाक, म्हटले. यात बनणारे सुल-ए प्रथिन पेशीविभाजन रोखते. ‘ई. कोलाय बी’ या वाणात सुल-एचा निकाल लावणारे लॉन प्रोटिएझ (प्रथिने तोडणारे एन्झाइम) नाहीच, त्यामुळे पेशी लांबच लांब तंतू होऊन मरतात. इव्हलिन विटकिन यांनी १९४४ मध्ये निवडलेला चिवट ‘बी/आर’ वाण यातून सुटला, कारण त्याचे सुल-एच निकामी होते. पॉलिमरेज-५ उशिरा येते आणि डायमरवरून तशीच पुढे जाते, चुका करत. अतिनील माऱ्यानंतरची बहुतेक उत्परिवर्तने या घाईतली.